'आमच्याकडं ४३ असतं': लहान मुलांना घेऊन सिंगापूरला जाताना
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लहान मुलांसह सिंगापूरला जाण्याबद्दल सोलापूर शहर आणि परिसरातून बरेच प्रश्न आले. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांचा सूर एकच होता: उन्हाचं काही नाही, आम्हाला सवय आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. मे महिन्यात ५ रात्री सिंगापूरला जाणार आहोत. तिथलं तापमान ३१-३२ दिसतं. आमच्याकडं ४३ असतं, त्यामुळं उन्हाची काळजी नाही. पण एजंटनं रोज सकाळी ८ ते रात्री ९ असा भरगच्च कार्यक्रम दिलाय. मुलांना झेपेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: झेपणार नाही, आणि ४३ ची सवयही तिथं फारशी कामाला येणार नाही. सोलापूरचं ऊन कोरडं. घाम येतो न येतो तोच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तर सावलीला बसून पंखा लावला की जीव थंडावतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर, भोवती समुद्र. हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर. तिथं घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि उष्णता अंगातच राहते. रात्रीसुद्धा पारा २४-२५ च्या खाली क्वचितच जातो, त्यामुळं गच्चीवर जाऊन वारा खावा तसा दिलासा नाही. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, त्यांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचं ती सांगतही नाहीत.

एजंटला सांगा: दिवसाला एक मोठं ठिकाण आणि एक छोटं, बाकी काढून टाका. मग घड्याळ बसवा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो, सातच्या आसपास मावळतो आणि बरोबर डोक्यावर येतो तो दुपारी एकला. म्हणजे सकाळचा बरा वेळ अकरा-साडेअकरापर्यंत टिकतो, खरा ताप १ ते ४. मुलांना सकाळी ६ ला उठवायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या पोटातलं घड्याळ तेव्हा पहाटेचे साडेतीन दाखवत असतं. साडेसात-आठला उठवा, ९ ला बाहेर पडा, १२ च्या आत खोलीवर परत. अंघोळ, जेवण, झोप. साडेचार-पाचला पुन्हा निघा आणि ९ पर्यंत बिनधास्त फिरा. तिथले ९ म्हणजे सोलापूरचे साडेसहा, मुलं टवटवीत असतात. रात्री ११ पर्यंत झोपत नाहीत म्हणून चिडू नका, त्यांच्या हिशेबानं साडेआठच वाजलेले असतात. एजंट लोक नेमकं उलटं करतात: सकाळी ७ ला नाश्ता, भर दुपारी उघड्यावरचं ठिकाण आणि संध्याकाळी ६ ला हॉटेल.

दुपारच्या मुक्कामाचं आणखी एक कारण आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढगांचा गडगडाट होऊन तास-दीड तास मुसळधार पाऊस पडतो. विजा खूप चमकतात, आणि तसा इशारा आला की पोहण्याचे तलाव, पाण्याचे खेळ लगेच बंद केले जातात. त्या वेळी मूल झोपलेलं असलं की सुटलात.

पिशवीत काय ठेवायचं? प्रत्येक मुलामागं अर्धा लिटरची बाटली. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं, त्यामुळं भरून घेता येते. मूल मागेल तेव्हा नाही, तर दर २० मिनिटांनी चार घोट. पातळ सुती कपड्यांचे दोन जादा जोड. सोलापुरी टर्किशचे छोटे नॅपकिन चार-पाच, कारण घाम वाळत नसेल तर तो टिपूनच काढावा लागतो. मॉलमध्ये किंवा मेट्रोत शिरण्याआधी मान-पाठ कोरडी करून बनियन बदला. ओल्या बनियनवर एसीचा गार झोत बसला की मूल कुडकुडायला लागतं. घामोळ्यांवर पावडर थापू नका. ती घामात भिजून घड्यांमध्ये लगदा होते आणि कातडी आणखी सोलवटते. साधं पाणी, कोरडा नॅपकिन, सैल कपडा पुरे.

स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा दुपटं टाकण्याची पद्धत आहे. ती तिथं सोडा. आत हवा कोंडते आणि कापडाखालचं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढतं. स्ट्रोलरचं छत पुढं ओढा आणि सेलवर चालणारा छोटा पंखा अडकवा.

ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, छोटं (साधारण ४ ग्रॅमचं) २०० मिलिलिटर पाण्यात. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण पाळायचं आणि पाकीट पूर्ण घालायचं. चव आवडत नाही म्हणून अर्धंच पाकीट टाकणं किंवा वरून साखर घालणं, दोन्हींनी क्षारांचं गणित बिघडतं. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. मूल सहा तास लघवीला गेलं नाही, मलूल पडलं, उलटी झाली, तर फिरणं तिथंच थांबवा. एसीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं मान, काखा, जांघा पुसत वारा घाला, घोट घोट पाणी द्या. बरळायला लागलं किंवा हाकेला ओ देईना, तर ९९५ ला फोन करा, रुग्णवाहिका येते.

प्रश्न: दिवाळीची सुट्टी बरी की उन्हाळ्याची?
— विजापूर रोड

उत्तर: उकाडा बारमाही सारखाच, त्यामुळं फरक पावसाचा आणि गर्दीचा. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त, कधी दिवसभर झड. फेब्रुवारी त्या मानानं कोरडा, पण शाळा सुरू असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं तर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरका. मेअखेरीपासून जूनभर तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि प्राणिसंग्रहालयापासून सेंटोसा बेटापर्यंत सगळीकडं रांगा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एखाद्या वर्षी शेजारच्या इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगीचा धूर येतो. मुलाला दम्याचा त्रास असेल तर ते महिने टाळलेले बरे. दिवाळीत लिटल इंडिया या भारतीय वस्तीची रोषणाई बघण्यासारखी असते आणि त्या दिवशी तिथं सार्वजनिक सुट्टी असते.

प्रश्न: २ वर्षांच्या बाळालाही वेगळा पासपोर्ट लागतो का? आणि व्हिसा कुठून काढायचा?
— शेळगी

उत्तर: लागतो, तान्ह्या बाळालाही. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो. अर्ज ऑनलाइन भरून सोलापुरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. फी १,००० रुपये, ८ वर्षांखालच्या मुलांना त्यात १० टक्के सवलत. दोन्ही पालकांच्या सहीचं 'अ‍ॅनेक्शर डी' (पालकांचं घोषणापत्र), पालकांचे पासपोर्ट, जन्मदाखला. ४ वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्यावा लागतो.

अडतं ते जन्मदाखल्यावर. दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं, म्हणून दाखल्यावर नावाची जागा कोरी. बारशानंतर ती भरून घ्यायची राहून जाते. दुसरी अडचण स्पेलिंगची: आईचं माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं पासपोर्टवर. दोन्ही दुरुस्त्या महापालिकेत आधी करून घ्या, मगच पासपोर्टची तारीख घ्या.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो मान्यताप्राप्त एजंटमार्फत ऑनलाइन मिळतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचं कमिशन वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी. व्हिसाशिवाय 'एसजी अरायव्हल कार्ड' भरायचं असतं: पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत, प्रत्येकाचं वेगळं, बाळाचंही. ते सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं बरीच आहेत. पैसे मागितले की समजायचं, पत्ता चुकला.

प्रश्न: मुंबईहून जावं की हैदराबादहून? विमानात मुलांचे कान दुखतात म्हणतात.
— होटगी रोड

उत्तर: सोलापूरकरांना दोन्ही जमतं. हैदराबाद रस्त्यानं सुमारे ३०० किलोमीटर, मुंबई ४०० च्या आसपास. सिंगापूरला थेट विमान दोन्हीकडून आहे. मुंबईहून साधारण साडेपाच तास, हैदराबादहून साडेचारच्या आसपास. गाडी स्वतःची असेल आणि मुलांना लांबच्या रस्त्याची सवय असेल तर हैदराबाद बरं. रेल्वेनं जाणार असाल तर मुंबई. मात्र सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा वंदे भारतनं थेट सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरून टॅक्सी करा. आंतरराष्ट्रीय टर्मिनल सहारला आहे, सीएसएमटीहून पुन्हा उलटं यावं लागतं. रात्रीच्या विमानासाठी सकाळी मुंबईत पोहोचलात तर दिवसभरासाठी एखादी खोली घ्याच. विमानतळावर मुलांसह दहा तास काढणं म्हणजे सहलीची सुरुवातच थकव्यानं.

२ वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं, भाडं साधारण दहा टक्के. पण जाताना दोनला काही दिवस कमी आणि येताना दोन पूर्ण असं होत असेल, तर परतीला वेगळं आसन घ्यावं लागतं. हे विमानतळावर कळलं तर त्या दिवसाच्या दरानं तिकीट काढावं लागतं. वाढदिवसाची तारीख आधीच तपासा.

कान दुखतात ते विमान खाली उतरताना, चढताना कमी. उतरायला लागण्याची घोषणा झाली की मुलाला जागं करा. झोपेत मूल गिळत नाही आणि दाब तसाच राहतो. तान्ह्याला अंगावर पाजा, मोठ्याला पेल्यातून घोट घोट पाणी किंवा चघळायला खडीसाखर. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: स्ट्रोलर न्यावा का? ३ वर्षांची मुलगी इथं छान चालते. मेट्रोत मुलांचं तिकीट कसं?
— सात रस्ता

उत्तर: न्या. घरापासून बागेपर्यंत चालणं वेगळं आणि उकाड्यात दिवसाला ८-१० किलोमीटर वेगळं. पाच वर्षांच्या मुलालाही तिथं स्ट्रोलर लागतो. छत्रीसारखा घडी होणारा, ५-६ किलोचा न्या. मोठ्या चाकांचा जडशीळ नको, कारण टॅक्सीच्या डिकीत बॅगांसोबत तो मावत नाही. विमानात तो अगदी दारापर्यंत नेता येतो. घडी उघडू नये म्हणून चटकन बांधायला एक पट्टा आणि पावसासाठी प्लास्टिकचं आवरण सोबत ठेवा. प्रत्येक मेट्रो स्टेशनला लिफ्ट असते आणि एक रुंद फाटक असतं. स्ट्रोलर घेऊन सरकत्या जिन्यावर चढू नका. बसमध्येही उघडा स्ट्रोलर चालतो, मात्र व्हीलचेअरवालं कोणी आलं तर घडी करून जागा द्यायची.

तिकिटाचा नियम उंचीवर आहे. ०.९ मीटरपर्यंतचं मूल मोठ्यांसोबत फुकट. त्याहून उंच पण ७ वर्षांखालचं असेल तर त्याचं सवलत कार्ड काढायचं. तिकीट ऑफिसात मुलाचा पासपोर्ट दाखवावा लागतो. मोठ्यांना कॉन्टॅक्टलेस बँक कार्डही चालतं. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'कॉन्टॅक्टलेस' हे दोन्ही पर्याय चालू केलेले हवेत, नाहीतर फाटकावर लाल दिवा लागतो आणि मागं रांग खोळंबते. परदेशी कार्डावर त्या दिवशीच्या वापरासाठी ०.६० डॉलर जादा आकार लागतो. ४-५ दिवस राहणार असाल तर ईझी-लिंक कार्ड बरं. १० डॉलरला मिळतं, त्यातले ५ कार्डाचे आणि ५ प्रवासाचे. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोला वेगळं कार्ड. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं.

मेट्रोत खाणं-पिणं बंद, दंड ५०० डॉलरपर्यंत. मुलाच्या हातातलं बिस्किट आत शिरण्याआधी संपवा.

टॅक्सीचा एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर हवाच. रस्त्यावरच्या नेहमीच्या टॅक्सींना त्यातून सूट आहे, पण अ‍ॅपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. साधी खासगी गाडी बोलावली आणि चालकानं मुलं बघून नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. अ‍ॅपमध्येच टॅक्सी निवडा किंवा चाइल्ड सीटवाली 'ग्रॅबफॅमिली' मागवा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. मुलगा वरण-भात, दही आणि कडक भाकरी सोडून काही खात नाही. काय काय नेऊ शकतो?
— बाळीवेस

उत्तर: कडक भाकरी, शेंगा चटणी, लाडू, चिवडा, मेतकूट, उपम्याचं तयार पीठ, सगळं खुशाल न्या. चटणी आणि मेतकूट बॅगेजमध्ये टाका, हातातल्या पिशवीत नको. तिखटाची पूड सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. भाकरी स्टीलच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तिचा चुरा होतो आणि तिथल्या दमट हवेत पाकीट उघडं राहिलं तर ती दोन तासांत मऊ पडते. एका वेळची एक अशी बांधून घेतलेली बरी.

आता नेऊ नये ते. खसखस. आपल्याला ती मसाल्याचा जिन्नस, सिंगापूरच्या लेखी ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली अडणारी वस्तू. म्हणून अनारसे नेऊ नका, आणि घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घालत असाल तर तोही नको. च्युइंगगम नाही. तंबाखू, गुटखा, मावा, खैनी यांना सक्त मनाई. आजोबांच्या खिशातली चुन्याची डबी आणि पुडी घरीच ठेवायला लावा. सिगारेटवर करमाफी अजिबात नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. ई-सिगारेटवर पूर्ण बंदी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, काही वेदनाशामकं यांना आधी परवानगी लागते. डॉक्टरांना यादी दाखवून घ्या.

तिथं जेवायचं कुठं? लिटल इंडिया स्टेशनला उतरलात की काळजी मिटली. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी. इडली, दहीभात, साधा डोसा मिळतो. मुलासाठी 'सांबार वेगळं, तिखट नको' असं आधीच सांगा, तिथलं सांबार आपल्या आमटीइतकं नाही तरी झणझणीत असतं. रविवारी संध्याकाळी मात्र त्या भागात जाऊ नका. कामगारांचा सुट्टीचा दिवस, गड्ड्याच्या जत्रेसारखी गर्दी असते आणि स्ट्रोलर हलवता येत नाही.

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नासेक गाळे आणि मधे सामाईक टेबलं. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, उचलून बसू नका. तुम्हीही तसंच करा: एकानं पाकीट ठेवून मुलांना घेऊन बसायचं, दुसऱ्यानं रांगेत उभं राहायचं. रुमाल गाळ्यावर मिळतीलच असं नाही, म्हणून दोन पाकिटं पिशवीत हवीतच. जेवण झाल्यावर ताट-ट्रे स्वतः उचलून ठरलेल्या मांडणीवर ठेवायचा, तो २०२१ पासून नियमच आहे, न ठेवल्यास दंड होऊ शकतो. चिनी गाळ्यावर 'व्हेजिटेबल' लिहिलेलं असलं तरी ऑयस्टर सॉस (कालवांचा) किंवा सुक्या कोळंबीचं वाटण असू शकतं. 'नो मीट' एवढं पुरत नाही, 'नो ऑयस्टर सॉस, नो फिश, नो एग' असं एकेक सांगा.

खोलीतल्या किटलीत दूध उकळू नका. तळाशी लागतं, उतू जाऊन बटण बिघडतं आणि भरपाई मागतात. किटलीत फक्त पाणी उकळा. उपम्याच्या किंवा पोह्यांच्या तयार मिश्रणावर उकळतं पाणी ओतून डबा ८-१० मिनिटं घट्ट झाकून ठेवला की काम होतं. प्रवासी कुकर बहुतेक हॉटेलांत चालत नाही. वाफेनं धुराची घंटा वाजू शकते. किराणा दुकानांतून साधं दही आणि दूध मिळतं. दही घेताना डब्यावर 'प्लेन' आणि साखर शून्य आहे ना ते बघा, गोड दह्यात भाकरी कुस्करली तर मुलगा थुंकून टाकील.

प्रश्न: २ आणि ५ वर्षांच्या मुलांसाठी खरंच कुठली ठिकाणं करावीत? युनिव्हर्सल स्टुडिओचं तिकीट काढावं का?
— नवी पेठ

उत्तर: युनिव्हर्सल सोडा. तिथले मोठे पाळणे उंचीवर आहेत: ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटिमीटर, ममीला १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. पाच वर्षांचं मूल साधारण १०५ ते ११० भरतं. म्हणजे पैसे पूर्ण आणि अर्ध्या खेळांच्या दारातून परत. मुलं आठ-नऊची झाली की जा. निघण्याआधी मुलाची उंची बूट काढून भिंतीला मोजून ठेवा.

मंडाईचं प्राणिसंग्रहालय या वयाला सगळ्यात भावतं. १९७३ पासूनचं, पिंजरे फार थोडे, मधे खंदक आणि पाणी. सकाळी साडेआठला उघडतं; ९ ला निघून थेट तिथंच पोहोचा. खातीब स्टेशनहून शटल बस सुटते. आतली ट्रॅम आधी घेऊन पूर्ण चक्कर मारा, मग मुलांना आवडलेल्या दोन-तीन जागी परत जा. सगळं बघायचा अट्टाहास केला की ११ वाजता रडारड सुरू. तिथंच शेजारी रिव्हर वंडर्स आणि २०२३ ला उघडलेलं बर्ड पॅरडाइज आहे (जुरोंगचं जुनं पक्षी उद्यान आता बंद झालंय, जुन्या माहितीवर जाऊ नका). एका दिवसात एकच करा. नाइट सफारी सव्वासातला सुरू होते. आपली मुलं तेव्हा पावणेपाचच्या वेळेवर असतात, त्यामुळं झोपेची अडचण येत नाही. अंधाराची भीती वाटणारं मूल असेल तर मात्र पैसे वाया.

गार्डन्स बाय द बे संध्याकाळी. साडेचारला बेफ्रंट स्टेशनला उतरा. आधी चिल्ड्रन्स गार्डन: फुकट आहे, ५ वर्षांखालच्या मुलांसाठी पाण्याच्या कारंज्यांची वेगळी जागा आहे, पोहण्याचे कपडे घालूनच जा. सोमवारी बंद असतं. सहानंतर मुलांना पुसून, कोरडे कपडे घालून क्लाउड फॉरेस्ट या काचघरात न्या. आत ३५ मीटरचा धबधबा आहे आणि हवा गार. ओल्या कपड्यांनी शिरलात तर मुलं दातखीळ बसल्यासारखी थरथरतात, म्हणून एक पातळ स्वेटर हवाच. पावणेआठला सुपरट्री ग्रोव्हमध्ये (झाडांसारखे उंच मनोरे) दिव्यांचा आणि संगीताचा खेळ होतो, तोही फुकट. सात-सव्वासातला जागा धरा, सतरंजीऐवजी सोलापुरी चादर अंथरा आणि मुलांना उताणं झोपवून वर बघायला लावा. उभं राहून बघितलं तर मुलांना पुढच्या माणसाची पाठच दिसते. दुसरा खेळ पावणेनऊला असतो.

सकाळ मोकळी असेल तर बोटॅनिक गार्डन्स. १८५९ ची बाग, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात, प्रवेश फुकट. आतल्या जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डनमध्ये मोठ्यांना मुलाशिवाय सोडत नाहीत! तीही सोमवारी बंद. सेंटोसाला व्हिवोसिटी मॉलमधून मोनोरेल जाते, जाताना ४ डॉलर, परतीचं काही नाही. बेटावरच्या बस फुकट. पलावन किनाऱ्यावर चार ते सात वाळूत खेळवलं तरी मुलांचा दिवस वसूल. जुनं एस.ई.ए. अ‍ॅक्वेरियम २०२५ पासून सिंगापूर ओशनेरियम झालंय, पावसाच्या दुपारी तिथं जा. मरलायन (सिंहाचं तोंड, माशाचं धड असलेला पुतळा) म्हणजे फोटोपुरती दहा मिनिटं.

चांगी विमानतळावरचं ज्युएल हे मॉल आणि त्यातला ४० मीटरचा धबधबा परतीच्या दिवशी बघा, येताना नाही. रात्रभर जागलेल्या मुलांना त्याचं कौतुक नसतं. तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे विमानासाठी आत जाण्याआधीच उरका.

प्रश्न: तिथं मूल आजारी पडलं तर?
— अक्कलकोट रोड

उत्तर: प्रवास विमा काढा, त्यात बाह्यरुग्ण खर्च आहे ना ते वाचा. परदेशी माणसाला सिंगापूरचा दवाखाना महाग पडतो. साध्या तापा-खोकल्याला वस्त्यांमधल्या क्लिनिकमध्ये जायचं. गंभीर असेल तर केके महिला व बाल रुग्णालय, लिटल इंडियापासून जवळ, मुलांचा आपत्कालीन विभाग २४ तास उघडा.

पॅरासिटामॉल इथूनच न्या आणि आपल्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनानुसार मात्रा मिलिलिटरमध्ये बाटलीवर लिहून घ्या. एका वेळची मात्रा किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत असते. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम: हेच ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचं साडेसात मिलिलिटर होतं आणि २५० असलेल्याचं साडेतीनच्या थोडंसं वर. बाटली फुटली, तिथं दुसऱ्या ताकदीची घेतली आणि जुन्याच मापानं पाजली, अशी गफलत होते. दोन मात्रांमध्ये किमान ४ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही.

डेंग्यू तिथं आहे, डास दिवसा चावतो. संध्याकाळी बागेत जाताना पायघोळ पातळ पँट घाला, डासांचं मलम लावा. २ महिन्यांखालच्या बाळाला डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम चालत नाही. चावल्यानंतर ताप ४ ते १० दिवसांनी येऊ शकतो, म्हणजे कदाचित सोलापुरात परतल्यावर. तेव्हा डॉक्टरांना 'सिंगापूरला जाऊन आलोय' हे न विचारता सांगा आणि तोपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, तेलुगू आणि मोडकं मराठी बोलतात. नातवंडांसोबत त्यांनाही न्यावं का?
— पूर्व भाग

उत्तर: जरूर. दुपारच्या मुक्कामाचं वेळापत्रक त्यांनाही सोयीचंच. प्राणिसंग्रहालयात ट्रॅम आहे, मोठ्या ठिकाणी व्हीलचेअर भाड्यानं मिळते, स्टेशनांना लिफ्ट आहेत. सेरंगून रोडवर श्री श्रीनिवास पेरुमाळ मंदिर आहे. दुपारी बंद असतं, सकाळी किंवा संध्याकाळी न्या. तमिळ तिथल्या चार राजभाषांपैकी एक आहे, तेलुगू समजणारंही कोणी ना कोणी लिटल इंडियात भेटतं. त्यांच्या गळ्यात हॉटेलचं कार्ड आणि तुमचा तिथला नंबर अडकवा. बहुतेक हॉटेलांच्या संडासात जेट नसतो. प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, मुलांनाही लागतो.

प्रश्न: आपले चार्जर चालतात का?
— मजरेवाडी

उत्तर: वीज २३० व्होल्टच, पण प्लगच्या पिना चौकोनी. तीन चौकोनी पिनांचे दोन अ‍ॅडॉप्टर आणि इथलं एक एक्स्टेंशन बोर्ड नेलं की फोन, पंखा, बाळाची बाटली गरम करायचं यंत्र एकदम लावता येतं.